जुना डिझेल ट्रॅक्टर: बिघाड पार्टमध्ये कमी, जोडात जास्त

पावसाळाभर ताडपत्रीखाली उभा राहिलेला ट्रॅक्टर गणपतीच्या आठवड्यात बाहेर काढायचा असतो. चावी फिरवली की 'कट्' असा एकच आवाज येतो आणि पुढे शांतता. गोराई-मनोरी, उत्तन, वसईच्या पट्ट्यात हे नेहमीचं दृश्य आहे. किनाऱ्यालगत वाळूत राबणाऱ्या ट्रॅक्टरवर ही वेळ बाराही महिने येते. सल्ला ठरलेला असतो: बॅटरी बदला. नवी बॅटरी चार दिवस रेटते आणि पुन्हा 'कट्'. मग सेल्फ, म्हणजे इंजिन फिरवून चालू करणारी विजेची मोटर, बदला. तोही बदलून झाला की डिझेल पंप उतरवण्याची भाषा सुरू होते. हजारो रुपये जातात आणि खरा दोषी असतो बॅटरीपासून येऊन गिअरबॉक्सवर घट्ट केलेल्या अर्थच्या (बॉडीकडे जाणाऱ्या) केबलखालचा गंज.

जुन्या ट्रॅक्टरचे मोठे लोखंडी भाग सहसा दगा देत नाहीत. दगा देतात ते दोन भाग एकत्र येतात त्या जागा: केबल आणि बोल्ट, पाइप आणि नट, रबर आणि धातू. मुंबईची खारी, दमट हवा नेमकी तिथेच शिरते. म्हणून या लेखात पार्ट कसा बदलायचा यापेक्षा, बदलण्याआधी काय मोजायचं यावर भर आहे.

हे सगळं १२ व्होल्टच्या, कॉम्प्युटर नसलेल्या, साध्या डिझेल पंपाच्या ट्रॅक्टरना लागू आहे. मुंबईत असे ट्रॅक्टर पाहुणे नाहीत. १९६३ साली महिंद्र आणि अमेरिकेची इंटरनॅशनल हार्वेस्टर यांनी भागीदारीत ट्रॅक्टरची कंपनी काढली आणि बी-२७५ हे तिचं सुरुवातीचं मॉडेल. कांदिवलीला महिंद्रचा ट्रॅक्टरचा कारखाना आहे. बी-२७५, जुनी मॅसी, जुना स्वराज, एचएमटी, फोर्ड, यांची रचना तपशिलात वेगळी असली तरी तपासण्याची पद्धत एकच.

आधी वाटणी करा

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. सिलिंडरमधली हवा साधारण १६ ते १८ पट दाबली जाते, त्या दाबाने ती ५०० अंश सेल्सिअसच्या वर तापते आणि त्या तापलेल्या हवेत फवारलेलं डिझेल आपोआप पेटतं. यासाठी तीन गोष्टी लागतात: इंजिन पुरेशा वेगाने फिरणं, मोकळी हवा, आणि नोझलमधून (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या तोटीतून) योग्य दाबाने डिझेल.

वेगाचं महत्त्व लोकांच्या लक्षात येत नाही. सेल्फ हळू फिरला तर दाबलेल्या हवेची उष्णता सिलिंडरच्या भिंती खाऊन टाकतात, थोडी हवा रिंगांच्या बाजूने निसटते, आणि पेटण्याइतकं तापमान होतच नाही. सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो, इंजिन धरत नाही. माणूस म्हणतो, 'पंप गेला.' पंप ठणठणीत असतो. कमी पडलेली असते ती केबलमधली वीज.

म्हणून पहिला प्रश्न हाच: सेल्फ जोरात फिरतो की नाही? फिरत नसेल किंवा रडत फिरत असेल तर डिझेलच्या बाजूला हातही लावू नका. जोरात फिरतो पण इंजिन धरत नाही, तर बॅटरीकडे पाठ फिरवा आणि डिझेल-हवा तपासा. उतारावरून ढकलून चालू होणारा आणि नंतर दिवसभर नीट चालणारा ट्रॅक्टर म्हणजे विजेचाच बिघाड, कारण एकदा चालू झालेल्या या इंजिनाला विजेची गरज उरत नाही.

एक अपवाद मात्र इंजिनाच्या जीवावर बेतणारा आहे. ट्रॅक्टर पावसात उघडा उभा होता, सायलेन्सरचं तोंड आकाशाकडे होतं, त्यावर झाकण नव्हतं, आणि सेल्फ एकदम 'धप्' करून अडला, तर पुन्हा चावी फिरवू नका. उघड्या राहिलेल्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हमधून सिलिंडरमध्ये पाणी गेलेलं असू शकतं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. जोर केला तर कनेक्टिंग रॉड वाकतो. सगळी नोझल काढा, पुढच्या पुलीच्या नटाला पाना लावून इंजिन हाताने दोन फेऱ्या फिरवा, पाणी बाहेर येऊ द्या, मगच सेल्फ. पाणी खाली ऑइलमध्येही उतरलेलं असू शकतं, त्यामुळे डिपस्टिक पाहा. ऑइल दुधाळ असेल तर बदलल्याशिवाय चालू करू नका.

सेल्फ रडतो: केबलचं गणित

डिझेल ट्रॅक्टरचा सेल्फ फिरताना ढोबळमानाने २०० ते ४०० अँपिअर ओढतो. मधला ३०० धरा. आता एखाद्या गंजलेल्या जोडात फक्त ०.०१ ओहम, म्हणजे ओहमचा शंभरावा भाग, इतका अडथळा आहे असं समजा. ३०० गुणिले ०.०१, म्हणजे ३ व्होल्ट त्या एका जोडात गडप. सेल्फ फिरताना चांगल्या बॅटरीवरही साडेदहाच्या आसपास व्होल्ट उरतात. त्यातले ३ गेले तर सेल्फला साडेसात मिळतात. तो फिरणार कसा? शिवाय ३ व्होल्ट गुणिले ३०० अँपिअर म्हणजे ९०० वॅटची उष्णता त्या जोडात तयार होते. त्यामुळे मीटर नसेल तरी एक खूण हातात आहे: आठ-दहा सेकंद सेल्फ मारा आणि प्रत्येक जोडाला बोट लावत जा. गरम लागतो तो जोड चोर.

इतका बारीक अडथळा मल्टिमीटरच्या ओहमच्या रेंजवर दिसत नाही. टेस्ट लॅम्पही फसवतो, कारण दिवा एक-दोन अँपिअरच ओढतो. तेवढी वीज गंजातूनही आरामात जाते आणि दिवा झकास पेटतो. 'करंट तर येतोय' असं म्हणून माणूस सेल्फ खोलायला घेतो. मोजायचं ते सेल्फ फिरत असतानाच.

साधा डिजिटल मल्टिमीटर पुरतो. लॅमिंग्टन रोडला ढिगाने मिळतात. ट्रॅक्टर न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, डिझेल बंद करायची स्टॉपची दांडी ओढलेली, म्हणजे इंजिन फिरेल पण चालू होणार नाही. चावी फिरवायला दुसरा माणूस सीटवर.

आधी बॅटरी नुसती मोजा. चार्ज केल्यावर किंवा ट्रॅक्टर चालवल्यावर लगेच मोजू नका. दोनेक तास थांबा, किंवा हेडलाइट दोन मिनिटं लावून बंद करा. १२.६ व्होल्टच्या वर म्हणजे भरलेली, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, १२ च्या खाली म्हणजे रिकामी होत आलेली. झाकणं उघडणारी बॅटरी असेल तर हायड्रोमीटर (आम्लाची घनता मोजणारी नळी) व्होल्टपेक्षा खरं बोलतो: सहाही घरांचं आम्ल तपासा. पाच घरं १.२४ च्या पुढे आणि एक १.१५ वर अडलेलं, तर ते घर मेलं आहे, चार्जिंगने उठणार नाही.

मग सेल्फ मारत असताना तीन मापं घ्या. पहिलं, बॅटरीच्या दोन्ही शिशाच्या खुंट्यांवर: साधारण ९.६ च्या खाली घसरलं तर बॅटरी कमजोर. दुसरं, मीटरचं एक टोक गरम बाजूच्या (अर्थ नसलेल्या) खुंटीवर आणि दुसरं सेल्फवरच्या जाड बोल्टवर: अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त आलं तर त्या वाटेत दोष आहे. तिसरं, बॅटरीची अर्थची खुंटी आणि सेल्फची उघडी बॉडी: ०.३ च्या वर नको. टोक केबलच्या क्लॅम्पवर ठेवू नका. खुंटीवरच टेकवा, नाहीतर खुंटी आणि क्लॅम्प यांच्यामधला गंज मापातून निसटतो. दोष सापडला की माप एकेक जोड कमी करत पुढे न्या. जिथे आकडा एकदम पडतो ती जागा.

आमच्या पाहण्यात तिसरं मापच सर्वात जास्त बिघडलेलं असतं. अर्थची केबल गिअरबॉक्सच्या किंवा एखाद्या ब्रॅकेटच्या बोल्टला लावलेली असते, खाली रंग असतो, त्यावर खारा दमटपणा, आणि बोल्ट वरून घट्ट दिसतो. केबल काढा, जागा पांढरं लोखंड दिसेपर्यंत घासा, नवा वायसर टाका, घट्ट करा आणि मग वरून पेट्रोलियम जेली किंवा ग्रीस लावा. ग्रीस आधी लावून मग घट्ट करण्याची सवय सोडा. धातूला धातू आधी भेटू द्या. किनाऱ्यावरच्या ट्रॅक्टरला आम्ही एक जास्तीची अर्थ केबल थेट सेल्फच्या फिटिंग बोल्टपासून बॅटरीपर्यंत टाकायला सांगतो. खर्च थोडा, पण निम्मी कटकट कायमची संपते.

खुंट्यांवरची पांढरी-हिरवी पूड खायच्या सोड्याच्या पाण्याने धुवा, कपभर पाण्यात चमचाभर सोडा; ते पाणी बॅटरीच्या घरात जाऊ देऊ नका. केबल काढताना अर्थची आधी काढा आणि लावताना ती शेवटी लावा. उलट केलं आणि पाना बॉडीला टेकला तर पाना लाल होईपर्यंत सुटत नाही. चार्जिंगच्या वेळी बॅटरीतून हायड्रोजन निघतो. तिथे विडी-काडी नको.

केबल बाहेरून चांगली दिसते पण थिंबलजवळ (टोकाला दाबून बसवलेल्या धातूच्या टोपीजवळ) वाकवली की कुरकुरते? प्लास्टिक कापून पाहा. आत तांब्याची हिरवी माती झालेली असते, आणि ती कधी कधी वीतभर आत गेलेली असते. चांगलं चकचकीत तांबं दिसेपर्यंत केबल छाटा. लांबी पुरत नसेल तर नवी घ्या, ५० चौरस मिलिमीटरच्या खाली नको. थिंबल दाबयंत्राने दाबून घ्या; हातोडीने चेपलेलं थिंबल एका पावसाळ्यात पुन्हा तेच करेल. केबल-थिंबल लोहार चाळीत, बेल्ट-सील-बेअरिंग नागदेवी स्ट्रीटला. जुना नमुना सोबत न्या, तोंडी माप सांगून आणलेला ऑइल सील बहुतेक वेळा परत करावा लागतो.

तिन्ही मापं ठीक असतील, तरच सेल्फवर संशय घ्या. सोलेनॉइड (सेल्फला वीज जोडणारा मोठा स्विच) 'कट्' करतो, त्याच्या बॅटरीकडच्या बोल्टवर व्होल्ट आहेत पण मोटरकडच्या बोल्टवर काहीच येत नाही, तर आतली तांब्याची चकती जळली आहे. मोटरकडच्या बोल्टवरही पूर्ण व्होल्ट येतात आणि तरी मोटर फिरत नाही, तर कार्बन (मोटरच्या आत वीज पोचवणारे घासते तुकडे) संपले आहेत किंवा अडकले आहेत. सेल्फच्या बॉडीवर लाकडाने हलका ठोका दिल्यावर फिरला, तर कार्बनच. नव्याच्या निम्म्याहून आखूड झालेले कार्बन बदला आणि आर्मेचरचा तांब्याचा भाग बारीक पॉलिश पेपरने साफ करा. आणि 'कट्'सुद्धा होत नसेल तर सोलेनॉइडच्या बारीक वायरवर व्होल्ट पाहा. ते नसतील तर चावी किंवा क्लचखालचा सेफ्टी स्विच.

इथे थांबून एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. जमिनीवर उभं राहून सोलेनॉइडचे दोन बोल्ट स्क्रू-ड्रायव्हरने जोडून ट्रॅक्टर चालू करू नका. त्यात सेफ्टी स्विच बाजूला पडतो. ट्रॅक्टर गिअरमध्ये राहिला असेल तर चालू झाल्याक्षणी पुढे जातो आणि मागचं चाक नेमकं तुम्ही उभे असता त्याच जागेवरून जातं. माणसं अशी मेली आहेत. सेल्फ एका वेळी १० ते १५ सेकंदांपेक्षा जास्त मारू नका, मध्ये मिनिटभर विश्रांती द्या.

चार्जिंग: डायनामो की अल्टरनेटर, आणि अर्थ कुठला

चालू इंजिन, मध्यम वेग, बॅटरीच्या खुंट्यांवर मीटर: १३.८ ते १४.४ व्होल्ट आले तर सगळं ठीक. १३ च्या आत राहिलं तर चार्जिंग होत नाही. १५ च्या वर गेलं तर रेग्युलेटर बिघडलाय; बॅटरीचं पाणी भराभर आटतं ते यामुळेच.

आधी बेल्ट. दोन पुलींच्या मध्ये अंगठ्याने दाबल्यावर १० ते १२ मिलिमीटर दबला पाहिजे. ढिला असेल तर घसरतो, फार ताणला तर बेअरिंग खातो. बेल्ट पुलीच्या तळाला टेकत असेल तर तो झिजलाय, कितीही ताणा, घसरणारच. व्ही-बेल्टची पकड त्याच्या बाजूंवर असते, तळावर नाही.

बॅटरी चार्ज करणारं जनित्र जुन्या पद्धतीचं असेल तर तो डायनामो, नव्या पद्धतीचं असेल तर अल्टरनेटर. अल्टरनेटरच्या ट्रॅक्टरवर डॅशबोर्डवरचा चार्जिंगचा दिवा नुसती खूण नसतो. बऱ्याच अल्टरनेटरना सुरुवातीचा करंट त्याच दिव्यातून मिळतो. दिवा उडाला की अल्टरनेटर चार्जिंग सुरूच करत नाही, आणि दोष अल्टरनेटरवर येतो. चावी फिरवली, इंजिन बंद, दिवा लागला पाहिजे. लागत नसेल तर आधी बल्ब बदला. चालू इंजिनात बॅटरीची केबल काढून 'चार्जिंग होतंय का' बघण्याची जुनी पद्धत अल्टरनेटरचे डायोड मारते; ती फक्त डायनामोच्या काळात खपत होती.

खूप जुन्या, ब्रिटिश घडणीच्या ट्रॅक्टरवर डायनामो आणि कटआऊट (चार्जिंग नसताना बॅटरी डायनामोपासून तोडणारा स्विच) असतो, आणि कित्येकांचा अर्थ पॉझिटिव्ह असतो, म्हणजे बॅटरीची प्लस बाजू बॉडीला. बॅटरी बदलणाऱ्याच्या हे लक्षात आलं नाही तर सगळं उलटं बसतं. नवी बॅटरी बसवण्याआधी जुनीची कुठली खुंटी बॉडीला होती ते पाहून ठेवा, फोटो काढा. डायनामो काढून अल्टरनेटर बसवायचा असेल तर अर्थ निगेटिव्ह करावाच लागतो, अॅमीटरच्या वायरी अदलाबदल कराव्या लागतात आणि कटआऊट बाजूला काढावा लागतो. हे काम सोपं आहे, पण अर्धं करून सोडायचं नाही.

ट्रॉलीचे मागचे दिवे मिणमिणतात किंवा खड्ड्यात विझतात, ही विसर्जनाच्या रात्रीची जुनी तक्रार. ट्रॉलीला स्वतंत्र अर्थ वायर नसते. वीज हुकच्या पिनेतून परत येते. पिनेला गंज, ग्रीस, धूळ. ट्रॉलीच्या प्लगमध्ये अर्थची एक वायर ओढा आणि तिचं टोक ट्रॅक्टरच्या अर्थला जोडा. गर्दीत, अंधारात मागचा दिवा नसलेली ट्रॉली धोक्याची आहे.

सेल्फ जोरात फिरतो, इंजिन धरत नाही

पहिलं पाहायचं ते पाच सेकंदांचं काम: स्टॉपची केबल. खाऱ्या हवेत ती आत गंजते आणि बटण आत ढकललं तरी पंपावरची दांडी अर्धवट मागे येते. पंपाजवळ जाऊन दांडी बोटाने पूर्ण 'चालू'कडे ढकला. निम्म्या वेळा प्रश्न इथेच मिटतो.

नंतर हवा. डिझेलच्या पाइपात हवा का चालत नाही? पंप डिझेलला दाब देतो तो शेकडो वातावरणांचा. नोझलची सुई उचलायलाच बहुतेक जुन्या इंजिनांत १७५ ते २५० बार लागतात. डिझेल दबत नाही म्हणून दाब सरळ नोझलपर्यंत पोचतो. मध्ये हवेचा बुडबुडा असेल तर तो स्प्रिंगसारखा दबतो, सुई हलतच नाही.

डिझेलची वाट लक्षात ठेवा: टाकी, नळ, गाळाची काचवाटी, फीड पंप (डिझेल ओढून पुढे ढकलणारा छोटा पंप), पहिला फिल्टर, दुसरा फिल्टर, मोठा पंप (नोझलला दाब देणारा), लोखंडी पाइप, नोझल. हवा काढायची ती याच क्रमाने, टाकीकडून नोझलकडे. टाकीत डिझेल भरपूर घ्या, निम्म्याच्या वर. पहिल्या फिल्टरवरचा स्क्रू दोन आटे सैल करा आणि फीड पंपाची हाताची दांडी मारत राहा. आधी फेस, मग बुडबुडे, मग सलग डिझेल. सलग येत असतानाच, दांडी मारता मारता, स्क्रू घट्ट करा. मग दुसरा फिल्टर, मग मोठा पंप. रोटरी पंपाला असे दोन स्क्रू असतात, एक डोक्याच्या बाजूला आणि एक वर गव्हर्नरच्या (इंजिनाचा वेग सांभाळणाऱ्या भागाच्या) घरावर. खालचा आधी, वरचा नंतर. शेवटी दोन नोझलच्या पाइपांचे नट अर्धा आटा सैल करा, अॅक्सिलरेटर पूर्ण, सेल्फ मारा. नटाखालून डिझेल ठिबकू लागलं की घट्ट करा. सैल नटाजवळ तोंड किंवा हात नको. या दाबाची बारीक धार कातडीतून आत शिरते. जखम टाचणीच्या टोचणीएवढी दिसते पण हात कापावा लागण्याची पाळी येऊ शकते. असं झालं तर घरी मलम न लावता थेट मोठं हॉस्पिटल गाठा. गळती शोधायला पुठ्ठा वापरा, बोट नाही.

फीड पंपाची दांडी मारूनही सैलच लागते, काही जोर येत नाही? पंप बिघडला असं लगेच मानू नका. पंप ज्या कॅमवर चालतो तो नेमका उंचावर थांबलेला असू शकतो. इंजिन एक फेरी फिरवा आणि पुन्हा मारा.

हवा काढली, चालला, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, तर हवा कुठूनतरी शिरते आहे. टाकीपासून फीड पंपापर्यंतच्या भागात फट असेल तर डिझेल बाहेर गळेलच असं नाही. पंप ओढत असताना हवा आत जाते. काचवाटीखालचं रबर, नळाची पॅकिंग, रबरी पाइपाच्या टोकाच्या चिरा पाहा. तांब्याचे वायसर एकदा दबले की कडक होतात. शक्यतो नवे टाका, अडचणीत जुने लाल तापवून पाण्यात बुडवा, मऊ होतात.

ट्रॅक्टर वीसेक मिनिटं चालून बंद पडतो, थोडं थांबलं की पुन्हा चालू होतो? टाकीचं झाकण सैल करून चालवा. झाकणातलं हवेचं भोक बुजलं की टाकीत पोकळी तयार होते आणि डिझेल खाली यायचं थांबतं. झाकण उघडताना 'सुस्स' झालं तर रोग सापडला. भोकात तार घाला, झाकण धुवा. बस.

मुंबईत डिझेलमध्ये पाणी येण्याचं मोठं कारण पंपावरची भेसळ नसून अर्धी रिकामी टाकी असतं. दिवसा टाकी तापते, रात्री गार होते, दमट हवा आत येते आणि पत्र्यावर दव धरतं. काम संपल्यावर टाकी भरून ठेवा. पावसाळ्यात दर आठवड्याला काचवाटी आणि फिल्टरचा तळाचा स्क्रू उघडून पाणी सोडा. पाणी मोठ्या पंपात गेलं तर आतले मायक्रॉनच्या मापाने घासलेले भाग गंजून अडकतात, आणि तो खर्च खरोखर मोठा असतो.

नोझलचा संशय असेल तर इंजिन मंद चालू ठेवून एकेका पाइपाचा नट फडकं गुंडाळून सैल करा. ज्या सिलिंडरचा नट सैल केल्यावर आवाजात फरक पडत नाही, तो सिलिंडर काम करत नव्हता. ते नोझल पंपवाल्याकडे टेस्टरवर लावून घ्या. परत बसवताना खालचा जुना तांब्याचा वायसर भोकात चिकटून राहत नाही ना, बघा. एकावर एक दोन वायसर बसले तर नोझल उंच राहतं आणि धूर वाढतो.

डिपस्टिकवर ऑइल वाढलेलं दिसलं तर आनंदाची गोष्ट नाही. वासाला डिझेल येत असेल तर फीड पंपाचा पडदा फाटून डिझेल चेंबरमध्ये उतरतंय. पातळ झालेलं ऑइल बेअरिंग खातं. पडदा आणि ऑइल दोन्ही बदला.

धूर, हवा, पाणी

काळा धूर म्हणजे डिझेलच्या मानाने हवा कमी: एअर क्लीनर तुंबला, नोझल थेंब सोडतंय, किंवा झेपेल त्याहून जास्त वजन. निळा म्हणजे ऑइल जळतंय. पांढरा आणि झोंबणारा म्हणजे न जळलेलं डिझेल; गार इंजिनात थोडा वेळ चालतो, तापल्यावरही राहिला तर टायमिंग (डिझेल फवारण्याची वेळ) किंवा कॉम्प्रेशन (सिलिंडरमधल्या हवेचा दाब) तपासा.

ऑइल बाथ (ऑइलमधून हवा गाळणाऱ्या) एअर क्लीनरच्या वाटीत खुणेपर्यंतच ऑइल भरा. जास्त भरलं तर इंजिन ते ऑइल ओढून इंधन म्हणून जाळतं, वेग आपोआप चढत जातो आणि स्टॉप ओढूनही थांबत नाही. अशा वेळी उपाय एकच: हवेचं तोंड जाड फळीने बंद करणं. हाताने किंवा सैल कपड्याने नाही.

रेडिएटरचं बोलायचं तर उत्तन-गोराईकडच्या विहिरींचं मचूळ पाणी त्यात घालू नका. क्षार नळ्यांत दगड धरतात आणि मीठ लायनर (सिलिंडरची आतली नळी) आणि हेडला कुरतडतं. डिस्टिल्ड पाणी आणि डब्यावर लिहिलेल्या प्रमाणात कूलंट, एवढं पुरे. गरम होतो म्हणून थर्मोस्टॅट (पाणी तापल्यावरच रेडिएटरकडची वाट उघडणारा व्हॉल्व्ह) काढून फेकण्याची पद्धत सर्रास आहे आणि ती चुकीची आहे. इंजिन ८० अंशांच्या आसपास चालण्यासाठीच घडवलेलं असतं. कायम गार राहिलं तर डिझेल अर्धवट जळतं, ऑइलमध्ये काळा गाळ होतो, लायनर लवकर झिजतात. काढलेला थर्मोस्टॅट पातेल्यात पाण्यात उकळून बघा: ८०-८५ अंशांना उघडू लागला तर तो चांगला आहे, दोष रेडिएटरच्या जाळीत किंवा बेल्टमध्ये शोधा. गार इंजिनात झाकण उघडून चालू केल्यावर रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे आले, तर हेड गॅस्केट (हेडखालची पॅकिंग) गेली. तापलेल्या रेडिएटरचं झाकण कधीच नाही.

लिफ्ट आणि ब्रेक

लिफ्ट (तेलाच्या दाबाने अवजार उचलणारी यंत्रणा) उचलतच नाही, तर आधी तेलाची पातळी आणि गाळणी, मग पंप आणि रिलीफ व्हॉल्व्ह. उचलते पण इंजिन बंद केल्यावर भराभर खाली येते, तर सिलिंडरचं सील किंवा कंट्रोल व्हॉल्व्ह. झटके देत उचलते, तर पंप हवा ओढतोय. तेल दुधाळ असेल तर चिखलणीत किंवा पावसात पाणी शिरलंय, गिअरच्या दांडीचं रबर फाटलेलं असतं. उचललेल्या अवजाराखाली काम करताना लाकडाचा ठोकळा लावल्याशिवाय शिरू नका.

दोन ब्रेक पेडल रस्त्यावर नेहमी एकमेकांना अडकवलेली हवीत. मोकळ्या मैदानात हळू चालवून एकदम ब्रेक दाबा: दोन्ही चाकांची खूण सारखी उमटली पाहिजे. एक बाजू आधी धरत असेल तर भरलेली ट्रॉली ट्रॅक्टरला आडवा ढकलते. मिरवणुकीत चारी बाजूंनी माणसं असतात. ब्रेक सारखे झाल्याशिवाय ट्रॅक्टर तिथे नेऊच नये. क्लच पेडलचा मोकळा खेळ मॅन्युअलप्रमाणे ठेवा, बऱ्याच मॉडेलवर तो २० ते ४० मिलिमीटर असतो. खेळच उरला नाही तर प्लेट अर्धी घसरत जळते.

पावसाळ्यासाठी उभा करताना

ऑइल नवं घालून दहा मिनिटं चालवा, म्हणजे जुन्या ऑइलमधलं आम्ल चार महिने बेअरिंगवर बसून राहणार नाही. टाकी काठोकाठ. सायलेन्सरवर डबा उपडा, आणि तो काढल्याशिवाय चालू करू नये म्हणून चावीला चिठ्ठी. क्लच पेडल दाबून लाकडाची खुंटी अडकवा, नाहीतर दमट हवेत प्लेट फ्लायव्हीलला चिकटते आणि गणपतीत गिअरच पडत नाही. बॅटरी काढून घरात ठेवा, महिन्याला एकदा चार्ज करा; १२.४ च्या खाली आठवडेच्या आठवडे पडून राहिलेल्या बॅटरीच्या प्लेटांवर सल्फेट घट्ट बसतं. सगळे निप्पल (ग्रीस भरायच्या बारीक तोट्या) ग्रीसने भरा, कडेने जुनं ग्रीस बाहेर येईपर्यंत. पाणी बाहेर ठेवतं ते हेच ग्रीस.

पुन्हा चालू करताना घाई नको. डबा काढा, खुंटी काढा, ऑइल आणि पाणी पाहा, काचवाटीतलं पाणी सोडा. पुलीला पाना लावून इंजिन हाताने दोन फेऱ्या फिरवा. मग स्टॉप ओढून सेल्फ दहा सेकंद मारा, थांबा, पुन्हा मारा, ऑइलचा दिवा विझेपर्यंत किंवा प्रेशरचा काटा हलेपर्यंत. त्यानंतर स्टॉप आत ढकला आणि चावी फिरवा.